शिल्लक ४१ रजा

"मॅडम, डॉक्टर नेमकं काही सांगतच नाहीत. किती महिने आहेत एवढं कळलं, की मी पुढचं सगळं नीट करीन."

आईचा किंवा वडिलांचा कॅन्सर पसरलाय हे कळलेली मुलं माझ्याकडे समुपदेशनाला येतात, तेव्हा हे वाक्य येतंच. गेल्या महिन्यात तिघांकडून ऐकलं, म्हणून एक जुनी केस लिहिते आहे. ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.

ती इथेच इंदूरच्या एका बँकेत अधिकारी. माहेर रामबागेत. वडिलांना सगळे दादा म्हणायचे, वय ७१. स्वादुपिंडाचा कॅन्सर यकृतापर्यंत पोचलेला, केमो चालू. ती एक वही घेऊन यायची. वजन, बिलिरुबिन, सगळं तारीखवार. पहिल्या दोन भेटी त्या वहीतच गेल्या. मी ती मिटायला सांगितली नाही. ज्याच्या हातात काहीच उरलेलं नाही, त्याच्या हातात वही तरी असू द्यावी.

तिसऱ्या भेटीत मी तिला शिकागोतल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. तो २००० साली प्रसिद्ध झाला. ३४३ डॉक्टरांनी ४६८ मरणासन्न रुग्ण किती जगतील याचा अंदाज दिला होता. पाचातला जेमतेम एक अंदाज बरोबरच्या आसपास होता. बहुतेकांनी आयुष्य जास्त धरलं, आणि रुग्णाशी जितकी जुनी ओळख, तितका अंदाज अधिक चुकला.

"म्हणजे आमचे डॉक्टर लपवत नाहीयेत?"

"नाही. त्यांनाही ठाऊक नाही."

डॉक्टरांवरचा राग उतरला, प्रश्न मात्र तिथंच होता. मग मी विचारलं, "समजा, मी आत्ता तारीख सांगितली. काय कराल?"

"रजा टाकीन. ४१ पीएल शिल्लक आहेत. एकही घालवली नाहीये, शेवटी लागतील म्हणून."

"आणि रजेत काय कराल?"

"त्यांची सेवा. औषधं, पथ्य..."

"ते तर आताही करता."

ती गप्प झाली. बराच वेळ वहीचा कोपरा दुमडत राहिली. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने बोलू नये, हे मला फार उशिरा जमलं.

"दादा रोज सकाळी पेपरातली वर्ग पहेली, ते शब्दकोडं, सोडवतात," ती म्हणाली. "आता हात थरथरतो, अक्षर चौकटीत बसत नाही. ते सांगतील, मी लिहीन."

"आज पेपर आला होता?"

तेव्हा ती रडली. आजार कळल्यापासून पहिल्यांदा, असं नंतर म्हणाली.

इतकी वर्षं मी या प्रश्नाला मरणाची भीती समजत होते. त्या दिवशी लख्ख दिसलं की तारीख हवी असते ती रडणं आणि जवळ बसणं तोवर पुढे ढकलता यावं म्हणून. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांवर वाढलेली, त्यामुळे कुणी बोलू लागलं की माझा कान 'च' वर असतो. 'कळलं तर बरं' ही इच्छा झाली. 'कळायलाच हवं' ही अट झाली, आणि अट पुरी होईपर्यंत माणूस जगणं थांबवून बसतो. मी तिला दोन्ही वाक्यं मोठ्याने म्हणायला लावली. 'च' काढून म्हणताना तिचे खांदे खाली आले.

"मग बुधवारची रजा टाकते," ती म्हणाली. हे मी सुचवलं नव्हतं, आणि सुचवलं नाही याचं मला आजही समाधान आहे.

तुमच्या घरी हे चालू असेल तर डॉक्टरांना आकडा विचारू नका. गोष्ट दिवसांची आहे, आठवड्यांची की महिन्यांची, हे विचारा. त्याचं उत्तर बहुतेक डॉक्टर देऊ शकतात. या केमोने आयुष्य वाढेल की त्रास कमी होईल? रात्री दुखणं वाढलं तर फोन कुणाला करायचा? पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या, डॉक्टरांना लवकर गाठा. त्यांच्याकडे जाणं म्हणजे हात टेकणं, असं घरोघरी समजतात, आणि त्यापायी माणसं विनाकारण वेदना सोसतात. बोस्टनच्या २०१० मधल्या एका अभ्यासात फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेल्या ज्या रुग्णांना ही सेवा सुरुवातीपासून मिळाली, त्यांचं जगणं सुसह्य झालंच, वर आयुष्यही साधारण पावणेतीन महिने जास्त मिळालं. सगळी रजा एकदम संपवा असंही मी म्हणत नाही. निम्मी हाताशी ठेवा, निम्मी आता वापरा. आणि ज्यांचा आजार आहे, त्यांना एकदा विचारा, "तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?" दादांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मला माहीत आहे गं. तू घाबरशील म्हणून बोललो नाही."

पुढच्या भेटीत तिने वही आणली नव्हती. पर्समधून पेपराचं घडी घातलेलं कात्रण काढून दाखवलं. कोडं तिच्या अक्षरात भरलेलं, उजवीकडच्या खालच्या दोन चौकटी रिकाम्या.

"हे अडलं," ती म्हणाली. "मी फोनवर शोधायला लागले तर दादा म्हणाले, असू दे, उद्याच्या पेपरात येईल."