वाचक विचारतात : बंद केलेलं पुन्हा चालू का होतं?

या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे. संगणक आपल्या पैशाचा, मग त्यातलं नको ते आपल्याला काढता का येत नाही? प्रश्न रास्त आहे. काय खरोखर बंद होतं, काय होत नाही आणि विंडोज सोडायचंच ठरवलं तर आधी काय सांभाळायचं, ते पाहू.

प्रश्न : विंडोज ११मध्ये प्रायव्हसीच्या पानावरचं सगळं बंद केलं, तर मायक्रोसॉफ्टकडे माहिती जाणं पूर्ण थांबतं का? घरी होम आवृत्ती आहे. (पुणे)

नाही. होम आणि प्रो आवृत्तीत डायग्नॉस्टिक माहितीच्या दोन पायऱ्या आहेत, ‘रिक्वायर्ड’ आणि ‘ऑप्शनल’. दुसरी बंद करता येते, पहिली येत नाही. पूर्ण बंदची सोय एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्तीतच आहे. म्हणजे ती तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, घरगुती ग्राहकाला दिलेली नाही. हे मला अन्यायाचं वाटतं.

तरीही ऑप्शनल बंद करणं फार महत्त्वाचं आहे. रिक्वायर्डमध्ये यंत्राची घडण, ड्रायव्हर, अपडेट बसलं की नाही, अशी माहिती जाते. ऑप्शनलमध्ये कुठलं ॲप किती वापरलं आणि एज ब्राउझरमध्ये काय पाहिलं हेही जातं. शिवाय एखादं ॲप कोसळलं तर त्या क्षणीच्या मेमरीची प्रत जाऊ शकते, आणि तुम्ही उघडलेल्या फाइलचा तुकडा तिच्यात असू शकतो.

सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’, मग ‘डायग्नॉस्टिक्स अँड फीडबॅक’ उघडा. ऑप्शनल बंद करा आणि तिथेच खाली असलेलं ‘डिलीट डायग्नॉस्टिक डेटा’ दाबा. ‘रेकमेंडेशन्स अँड ऑफर्स’मध्ये (जुन्या आवृत्तीत ‘जनरल’मध्ये) जाहिरातीचा आयडी बंद करा. सर्चच्या पानावर ‘क्लाउड कंटेंट सर्च’ बंद करा. शेवटी ‘सिस्टिम’, ‘नोटिफिकेशन्स’ इथे अगदी तळाशी ‘ॲडिशनल सेटिंग्ज’ आहे. तिथल्या खुणा काढल्या की अपडेटनंतर येणारी ‘सेटअप पूर्ण करा’ची पानं थांबतात. वर्षाच्या मोठ्या अपडेटनंतर ही चारही ठिकाणं पुन्हा तपासा, कारण तेव्हा नवी बटणं येतात आणि त्यातली काही आधीच चालू असतात.

एका क्लिकमध्ये सगळं साफ करणाऱ्या स्क्रिप्टच्या नादी लागू नका. त्या सर्व्हिस उखडतात, मग स्टोअर किंवा अपडेट अडतं आणि कारण सापडत नाही. होस्ट्स फाइलमध्ये मायक्रोसॉफ्टचे पत्ते अडवण्याचा जुना उपायही भरवशाचा नाही. २०२०पासून डिफेंडर (विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस) असा बदल धोका म्हणून दाखवतो.

जर्मनी, नेदरलँड्समधल्या वाचकांना मात्र हेच विंडोज वेगळं मिळतं. युरोपच्या डिजिटल मार्केट्स ॲक्टमुळे मार्च २०२४पासून तिथे एज काढून टाकता येतो आणि शोधपेटीतला बिंगचा वेब शोधही. आपल्याकडे तसा कायदा नाही, म्हणून बटणही नाही.

प्रश्न : वकिली करते. पक्षकारांची कागदपत्रं लॅपटॉपवरच असतात. ‘रिकॉल’ पडद्याची छायाचित्रं काढतं असं वाचलं. माझ्या यंत्रावर ते आहे का, आणि मुळापासून जातं का? (नागपूर)

बहुधा नसेल. रिकॉल फक्त ‘कोपायलट प्लस’ लॅपटॉपवर चालतं. त्यासाठी ४० टॉप्स (हे वेगाचं माप) क्षमतेचा एनपीयू, म्हणजे एआयची आकडेमोड करणारी चिप, आणि १६ जीबी रॅम लागते. स्नॅपड्रॅगन एक्स, इंटेल कोअर अल्ट्रा २००व्ही, रायझेन एआय ३०० किंवा त्यांच्यानंतरचा तसा प्रोसेसर असेल तरच तपासा.

मे २०२४मध्ये ते जाहीर झालं तेव्हा छायाचित्रांतला मजकूर साध्या, न कुलूपलेल्या डेटाबेसमध्ये पडून असल्याचं संशोधकांनी दाखवलं. ओरड झाली, प्रकाशन लांबलं आणि एप्रिल २०२५मध्ये ते सुधारून आलं. आता तुम्ही होकार दिल्याशिवाय ते चालू होत नाही आणि साठा एन्क्रिप्ट केलेला असतो. पण एकदा बसवल्यावर बोट-चेहऱ्याऐवजी पिन टाकूनही तो उघडतो. कार्यालयात तुमचा पिन कारकुनाला ठाऊक असेल, तर महिन्यांची कागदपत्रं त्याच्यासमोर उघडी आहेत.

काढण्यासाठी शोधपेटीत ‘टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफ’ लिहा, यादीत ‘रिकॉल’ची खूण काढा आणि रीस्टार्ट करा. त्याआधी ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’तल्या ‘रिकॉल अँड स्नॅपशॉट्स’मध्ये जुनी छायाचित्रं पुसा.

एक गोष्ट तुमच्या हातात नाही. पक्षकाराच्या लॅपटॉपवर रिकॉल चालू असेल, तर तुमचा मेल तिथे टिपला जाईल. सिग्नल या मेसेजिंग ॲपने मे २०२५पासून विंडोजवर आपली खिडकी छायाचित्रात काळी दिसेल अशी सोय केली आणि ती आपोआप चालू असते. नाजूक मजकुरासाठी तो मार्ग चांगला.

प्रश्न : वनड्राइव्ह काढून टाकायचं आहे, पण डेस्कटॉपवरच्या फाइली त्यातच गेल्या आहेत. काय क्रम ठेवावा? (कोल्हापूर)

क्रम चुकला तर फाइली जातात, म्हणून सावकाश करा. ‘बॅकअप’ चालू असताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर मुळात वनड्राइव्हच्या पोटात हलवलेले असतात. त्यातल्या ज्या फाइलींवर ढगाचं चिन्ह आहे, त्या तुमच्या डिस्कवर नाहीतच, फक्त नाव आहे.

पहिल्यांदा वनड्राइव्ह फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा. सगळीकडे हिरवी खूण येईपर्यंत थांबा. मोठ्या साठ्याला रात्रभर लागू शकतो. मग सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा. ‘कट’ नको, कारण वनड्राइव्हच्या फोल्डरमधून हललेलं ढगातूनही (ऑनलाइन साठ्यातूनही) नाहीसं होतं. त्यानंतर वनड्राइव्हच्या सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज बॅकअप’मधला एकेक फोल्डर बंद करा. डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरू नका. फाइली वनड्राइव्हमधल्या डेस्कटॉप फोल्डरमध्येच असतात. त्या कॉपी करून आणा. मगच ‘अनलिंक धिस पीसी’ आणि सर्वांत शेवटी अनइन्स्टॉल.

प्रश्न : सहाव्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, हार्ड डिस्क, विंडोज १०. दुकानदार नवं घ्या म्हणतो. लिनक्सवर चालेल का? (सांगली)

उत्तम चालेल. लिनक्स ही विंडोजच्या जागी बसवता येणारी मोफत यंत्रणा आहे. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप मागतं, म्हणून तुमचं धडधाकट यंत्र नाकारलं जातं. घरगुती ग्राहकांसाठी जाहीर झालेली सुरक्षा-मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६पर्यंतची आहे आणि तिच्यासाठी मायक्रोसॉफ्ट खातं जोडावं लागतं. ज्या खात्यापासून पळायचं तेच पुन्हा.

लिनक्सच्या अनेक प्रकारांपैकी लिनक्स मिंटची २२ मालिका घ्या, सिनॅमन आवृत्ती. तिला एप्रिल २०२९पर्यंत अपडेट मिळतील. तिच्यात खातं लागत नाही आणि ती वापराची माहिती गोळा करत नाही. (क्रोम बसवलात तर क्रोम करेल, हे लक्षात ठेवा. सोबत आलेला फायरफॉक्स वापरा.) रॅम ४ जीबी असेल तर एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती बरी.

पण आधी पैसे एसएसडीवर घाला. २५६ जीबीची अडीच इंची साटा एसएसडी घेतली की याच यंत्राचा वेग ओळखू येणार नाही. दुसरा फायदा त्याहून मोठा : विंडोजची जुनी डिस्क काढून कपाटात ठेवता येते. पार्टिशन कापायचं नाही, काही पुसायचं नाही. बिनसलंच तर जुनी डिस्क परत लावायची.

मिंटची आयएसओ (बसवण्यासाठी उतरवायची फाइल) सुमारे ३ जीबीची आहे, ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. रूफस किंवा बलेना एचरने लिहा. नुसती फाइल पेनड्राइव्हवर टाकली तर संगणक त्यावरून सुरू होत नाही, ही सर्वांत नेहमीची चूक. बूट मेनूसाठी डेल, लेनोवो, एसरवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९. पेनड्राइव्हवरूनच मिंट उघडेल. काहीही बसवायच्या आधी अर्धा तास तिथेच घालवा. वायफाय, आवाज, कॅमेरा, प्रिंटर पाहा आणि संगणक झोपवून उठवून पाहा. इथे जे चालतं ते पुढेही चालतं.

बसवताना ‘मल्टिमीडिया कोडेक्स’वर खूण करा, नाहीतर काही व्हिडिओ उघडणार नाहीत. सिक्युअर बूट (अनोळखी सॉफ्टवेअरला यंत्र सुरू करू न देणारी सोय) चालू असेल तर इथे एक पासवर्ड ठरवायला सांगतात. तो कागदावर लिहा. रीस्टार्टनंतर निळ्या पडद्यावर ‘एन्रोल एमओके’ निवडून तोच द्यायचा असतो. लोक घाईत ‘कंटिन्यू’ दाबतात, मग काही वायफाय चिपांचे किंवा एनव्हिडियाचे ड्रायव्हर चढत नाहीत आणि दोष लिनक्सवर जातो. पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट (बिघाड झाला तर मिंट मागच्या स्थितीत नेणारी सोय) चालू करून एक स्नॅपशॉट घ्या.

प्रश्न : नव्या लॅपटॉपवर विंडोज ११ ठेवून शेजारी मिंट हवं आहे. काय बिघडू शकतं? (ठाणे)

चार गोष्टी. सर्वांत गंभीर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागणारं विंडोजचं कुलूप. विंडोज ११च्या २४एच२पासून, नव्याने बसवताना मायक्रोसॉफ्ट खातं जोडलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते. अनेकांना ते माहीतही नसतं. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये) काही बदललं की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर माहिती गेली, दुकानात नेऊनही उपयोग नाही. म्हणून आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून ती किल्ली कागदावर उतरवा, मग ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ बंद करा आणि ते पूर्ण होईपर्यंत थांबा.

दुसरं, मिंटला डिस्कच दिसत नाही. कारण बायॉसमध्ये डिस्क हाताळणारं इंटेलचं आरएसटी किंवा व्हीएमडी चालू असतं. ते थेट बदललंत तर विंडोज निळ्या पडद्यावर अडकेल. आधी ‘एमएसकॉन्फिग’मध्ये ‘बूट’खाली ‘सेफ बूट’वर खूण करा, रीस्टार्ट करून बायॉसमध्ये व्हीएमडी बंद करा, विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडू द्या आणि मग ती खूण काढा. सेफ मोडमध्ये पिन चालला नाही तर खात्याचा पासवर्ड लागतो, तोही आधी पाठ असू द्या.

तिसरं, फास्ट स्टार्टअप. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्समध्ये विंडोजचं पार्टिशन फक्त वाचता येतं. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ इथे ते बंद करा.

चौथं निरुपद्रवी आहे, पण भारतात हमखास दिसतं : विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे जातं. लिनक्स यंत्रातल्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक मानतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ (timedatectl set-local-rtc 1) ही आज्ञा रोमन लिपीत एकदा दिली की झालं.

प्रश्न : मराठी टायपिंगचं काय? श्रीलिपी आणि आयएसएममधल्या जुन्या फाइली भरपूर आहेत. (सोलापूर)

टायपिंगची अडचण नाही. इनस्क्रिप्ट येत असेल तर कीबोर्डच्या ‘लेआउट्स’मध्ये ‘मराठी, एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट’ जोडा, बाकी काही लागत नाही. रोमन स्पेलिंगवरून लिहिणाऱ्यांनी ‘आयबस-एम१७एन’ बसवून ‘इनपुट मेथड’मध्ये आयबस निवडावं, लॉगआउट करून परत यावं आणि मराठीखाली ‘फोनेटिक’, ‘आयट्रान्स’ किंवा ‘गमभन’ घ्यावं. होय, गमभनचा कळपाट तिथे आहे. जुन्या टंकलेखकांसाठी रेमिंग्टनही आहे.

लिब्रेऑफिसमध्ये ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘लँग्वेजेस’ इथे ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ची भाषा मराठी करा. हिंदी राहिली तर नोटो किंवा लोहितसारखा चांगला फाँटही ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दाखवतो.

जुन्या फाइलींचं काम मात्र विंडोज सोडण्याआधी उरका. त्यांत खरी मराठी अक्षरं नसतात, रोमन चिन्हांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फाँट नाही तर मजकूर नाही. युनिकोडमध्ये (कुठल्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या प्रमाण अक्षरांत) रूपांतर करताना चुका ठरावीक ठिकाणी होतात : पहिली वेलांटी (जुन्या पद्धतीत ती अक्षराच्या आधी साठवलेली असते), रफार (तो नंतर), ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’मधला र, आणि मध्येच आलेले इंग्रजी शब्द. तेवढ्याच जागा डोळ्यांनी वाचून काढल्यात तरी बरंचसं शुद्ध होतं. पानांची जुळणी स्क्रायबस १.६ या सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीत नीट होते, पण छापखाना कोरल ड्रॉची फाइलच मागत असेल तर विंडोजचं एक जुनं यंत्र इंटरनेटविना ठेवा. जोडलेलंच नाही, तर त्यातून काही जाणारही नाही.

प्रश्न : टॅली, डिजिटल सिग्नेचर, प्रिंटर? (छत्रपती संभाजीनगर)

टॅली विंडोजचंच आहे, ते विंडोजवर ठेवा. सहीच्या टोकनांना लिनक्स ड्रायव्हर मिळतात, पण निविदा भरायच्या शेवटच्या तासाला ते अजमावू नका. त्या कामापुरतं विंडोज राहू द्या. प्रिंटरमध्ये एचपीचे बहुतेक चालतात. लेझरजेट १०२० किंवा पी१००८ला एचपीलिपचं (एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचं) जास्तीचं प्लगइन उतरवावं लागतं, नाहीतर प्रिंटर यादीत दिसतो पण कागद निघत नाही. कॅनन एलबीपी २९०० कंपनीच्या कॅप्ट भाषेतच बोलतो. त्याचा लिनक्स ड्रायव्हर आहे, पण बसवणं किचकट. नवा घेणार असाल तर एअरप्रिंट लिहिलेला घ्या, ड्रायव्हरच लागत नाही.

प्रश्न : फोनमध्ये कंपनीने आधीच भरलेली ॲप कशी काढायची? (पणजी)

‘अनइन्स्टॉल’ नसेल तर ‘डिसेबल’ असतं का पाहा. तेही राखाडी असेल तर फोन यूएसबीने संगणकाला जोडून एडीबीने (संगणकावरून अँड्रॉइड फोनला आज्ञा देणाऱ्या साधनाने) ते ॲप तुमच्या खात्यापुरतं काढता येतं. मूळ प्रत सिस्टिममध्ये राहते आणि फॅक्टरी रीसेट केलं की परत येते. नावं नीट तपासा. लाँचर किंवा कीबोर्ड काढलात तर फोनच वापरता येईना. पर्यायी अँड्रॉइड टाकण्याआधी एवढं लक्षात घ्या की बूटलोडर (फोन सुरू करणारं कुलूपबंद सॉफ्टवेअर) उघडलेल्या फोनवर अनेक बँकांची आणि यूपीआयची ॲप चालायला नकार देतात.

सक्ती फक्त कंपन्यांचीच नसते. २८ नोव्हेंबर २०२५च्या आदेशात दूरसंचार विभागाने नव्या फोनांत ‘संचार साथी’ ९० दिवसांत भरायला सांगितलं होतं. टीका झाल्यावर ३ डिसेंबरला तो आदेश मागे घेतला गेला. ते ॲप हरवलेला फोन ब्लॉक करायला उपयोगी आहे. ठेवायचं की काढायचं हे तुम्ही ठरवा, आणि काढायचं असेल तर साध्या अनइन्स्टॉलने ते जातं.