वाचक विचारतात : जँगोची सुरुवात कुठून करावी?

ओपन-सोर्स वेब फ्रेमवर्कबद्दल ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी चार या वेळी घेतली आहेत. चारही जँगो या पायथनमधल्या फ्रेमवर्कबद्दलची, म्हणजे साइट उभारायच्या तयार सांगाड्याबद्दलची आहेत. कमांड इथे देवनागरीत छापल्या असल्या, तरी टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच हवेत.

प्रश्न : आमच्या छोट्या वाचनालयाची तीनेक हजार पुस्तकं एक्सेलमध्ये नोंदलेली आहेत. मला पायथन जुजबी येतं. जँगोचे व्हिडिओ पाहिले, पण व्ह्यू, टेम्प्लेट, एचटीएमएल या जंजाळात हाती काही लागत नाही. नेमकी सुरुवात कुठून करू? (वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : एचटीएमएल तूर्त बाजूला ठेवा. पहिले काही दिवस फक्त दोन गोष्टी करायच्या, मॉडेल (माहितीच्या तक्त्याची रचना) आणि ॲडमिन (माहिती भरायची आयती पानं). जँगो जन्माला आलं ते अमेरिकेत, कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वृत्तपत्राच्या कचेरीत. २००५ मध्ये ते बीएसडी परवान्याखाली सर्वांना खुलं झालं. प्रोग्रामरची वाट न बघता संपादकीय माणसांना मजकूर भरता यावा, ही तिथली निकड होती. तुमच्या ग्रंथपालांना नेमकं तेच हवं आहे आणि ॲडमिन ते आयतं देतं.

आवृत्ती ५.२ घ्या. ती दीर्घ मुदतीची आहे, सुरक्षेच्या दुरुस्त्या एप्रिल २०२८ पर्यंत मिळतील आणि पायथन ३.१० पासून पुढे चालेल. रिकामं फोल्डर करून त्यात ‘पायथन -एम व्हीएन्व्ह .व्हीएन्व्ह’ चालवा. त्यानं या प्रकल्पापुरतं पायथनचं वेगळं वातावरण (व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट) तयार होतं. ते सुरू करा आणि ‘पिप इन्स्टॉल जँगो~=५.२.०’ द्या. मग ‘जँगो-ॲडमिन स्टार्टप्रोजेक्ट कॉन्फिग .’ यातला शेवटचा टिंब विसरू नका. तो राहिला की फोल्डरात आणखी एक फोल्डर तयार होतं आणि ‘मॅनेज.पीवाय सापडत नाही’ म्हणून तासभर वाया जातो. त्यानंतर ‘पायथन मॅनेज.पीवाय स्टार्टॲप’ आणि ॲपचं नाव. ते नाव सेटिंग्जमधल्या इन्स्टॉल्ड ॲप्सच्या यादीत हातानं लिहावं लागतं, नाहीतर पुढे मायग्रेशन (मॉडेलमधले बदल डेटाबेसपर्यंत नेणारी फाइल) काढताना ‘काहीच बदल नाही’ असं उत्तर येतं.

आता कागद घ्या. वाचनालयाला तीन तक्ते पुरतात : पुस्तक, सभासद आणि देवघेव. दाखल क्रमांक आकड्याच्या फील्डमध्ये ठेवू नका, कारण जुन्या नोंदवहीत ‘१२४५/अ’ सारखे क्रमांक हमखास सापडतात. कॅरेक्टर फील्ड घ्या आणि त्यावर युनिक लावा, म्हणजे तोच क्रमांक दोनदा येणार नाही. देवघेवीत पुस्तक आणि सभासद या दोन फॉरेन की (दुसऱ्या तक्त्यातल्या नोंदीशी जोडणारी फील्ड्स), दिल्याची तारीख आणि परत आल्याची तारीख. परतीची तारीख सुरुवातीला रिकामीच असणार, म्हणून तिथे नल आणि ब्लँक दोन्ही ट्रू हवेत. पहिलं डेटाबेससाठी लागतं, दुसरं फॉर्मसाठी. एकच लिहिलं की अडतं.

फॉरेन कीमधल्या ऑन-डिलीटकडे, म्हणजे जोडलेली नोंद काढल्यावर काय करायचं या सूचनेकडे, विशेष लक्ष द्या. बहुतेक व्हिडिओंत तिथे कॅस्केड लिहिलेलं असतं. तुमच्याकडे त्याचा अर्थ असा होईल की एका सभासदाची नोंद काढली की त्याची सगळी देवघेव पुसली जाईल, त्याच्याकडून अजून परत न आलेल्या पुस्तकांच्या देवघेवीसकट. प्रोटेक्ट लिहा. मग देवघेवीची एकही नोंद असेपर्यंत तो सभासद काढताच येणार नाही.

प्रत्येक मॉडेलला ‘एसटीआर’ पद्धत (नावाच्या आधी आणि नंतर दोन-दोन अंडरस्कोअर) लिहा, नाहीतर यादीत पुस्तकाच्या नावाऐवजी ‘बुक ऑब्जेक्ट (१)’ दिसतं. व्हर्बोज नेम (ॲडमिनमध्ये दिसणारं मॉडेलचं नाव) मराठीत देणार असाल तर अनेकवचनाचंही नाव द्या. ते दिलं नाही तर जँगो ‘पुस्तक’ला इंग्रजी एस चिकटवून मोकळं होतं.

मग क्रमानं मेकमायग्रेशन्स, मायग्रेट, क्रिएटसुपरयूजर. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटत नाही, ते तसंच असतं. ‘नो सच टेबल’ असा एरर आला की मायग्रेट राहिलं, इतकाच त्याचा अर्थ बहुतेक वेळा असतो.

ॲडमिनमध्ये मॉडेल नोंदवल्यावर देवघेवीचा फॉर्म उघडा. पुस्तकाच्या ड्रॉपडाउनमध्ये तीन हजार नावं येतील आणि पान जड होईल. देवघेवीच्या ॲडमिनमध्ये ऑटोकम्प्लीट फील्ड्स लिहा. त्यासाठी पुस्तकाच्या ॲडमिनमध्ये सर्च फील्ड्स असावे लागतात, नसले तर सर्व्हर सुरूच होत नाही. हे जमलं की शीर्षकाची दोन-तीन अक्षरं टाइप करून पुस्तक निवडता येतं, आणि तुमच्या काउंटरवरचं निम्मं काम झालंच म्हणून समजा.

एक्सेल आत आणताना फाइल ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ म्हणूनच सेव्ह करा. साध्या सीएसव्हीत मराठीची प्रश्नचिन्हं होतात. पायथनमध्ये ती उघडताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या. फक्त ‘यूटीएफ-८’ दिलं तर पहिल्या स्तंभाच्या नावाआधी एक न दिसणारी खूण राहते आणि डोळ्यांसमोर असलेला स्तंभ ‘सापडत नाही’ म्हणून एरर येतो. जुनी यादी श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये, टाइप केलेली असेल तर ती आधी युनिकोडमध्ये आणावी लागेल. त्याला पर्याय नाही.

प्रश्न : विंडोजवर व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट सुरू करताना पॉवरशेल लाल अक्षरांत ‘स्क्रिप्ट चालवायला मनाई’ असं सांगतं. (विद्यार्थिनी, कोपरखैरणे)

उत्तर : यात जँगोचा संबंध नाही, विंडोजचं धोरण आडवं येतंय. ‘सेट-एक्झिक्युशनपॉलिसी रिमोटसाइन्ड -स्कोप करंटयूजर’ एकदा चालवा. कॉलेजच्या संगणकावर परवानगी नसेल तर साध्या कमांड प्रॉम्प्टमधून ॲक्टिव्हेट.बॅट चालवा, तिथे ही अडचण येत नाही. ओळीच्या सुरुवातीला कंसात एन्व्हायर्न्मेंटचं नाव दिसलं की सुरू झालं. दुसऱ्या दिवशी ‘नो मॉड्यूल नेम्ड जँगो’ आलं तर पुन्हा इन्स्टॉल करत बसू नका, नव्या खिडकीत एन्व्हायर्न्मेंट सुरू करायचं राहिलेलं असतं.

प्रश्न : गडकरी रंगायतन आणि वाशीच्या भावे नाट्यगृहातल्या प्रयोगांची यादी देणारी साइट करतोय. शीर्षकापासून पत्ता तयार करायला स्लगिफाय वापरलं, तर मराठी नाव रिकामं येतं. अलाउ-युनिकोड दिल्यावर अक्षरं मोडतात. शिवाय रात्री साडेआठचा प्रयोग पहाटे दोनला दिसतो! (वाचक, ऐरोली)

उत्तर : स्लगिफाय मुळात रोमन अक्षरांपुरतंच आहे, त्यामुळे देवनागरी सगळं गळून जातं. फील्डवर युनिक असेल तर दुसरी नोंद करताना डेटाबेसच अडवतो, कारण दोन्ही स्लग (शीर्षकापासून बनलेले पत्त्याचे तुकडे) रिकामेच. अलाउ-युनिकोड दिल्यावर अक्षरं राहतात, पण काना, मात्रा, वेलांट्या आणि अनुस्वार जातात. पायथनचं रेग्युलर एक्स्प्रेशन स्वरचिन्हांना शब्दाचा भाग मानत नाही, तिथे हे घडतं. म्हणून ‘ठाणे’चं ‘ठण’ होतं, ‘वाशी’चं ‘वश’ आणि ‘गडकरी’चं ‘गडकर’. हातानं मराठी स्लग लिहिलात तरी स्लगफील्डची तपासणी याच कारणानं तो नाकारेल, आणि यूआरएलमधला स्लग कन्व्हर्टर तर फक्त रोमन अक्षरं, आकडे, हायफन आणि अंडरस्कोअर ओळखतो. आमचं मत स्पष्ट आहे : पत्त्यात नोंदीचा क्रमांक वापरा. नाव हवंच असेल तर ॲडमिनमध्ये रोमन स्लग हातानं भरा. पत्त्यासाठी मराठी शब्द मोडून घेण्यात काहीच हशील नाही.

वेळेचं कारण वेगळं. नव्या प्रकल्पात टाइम झोन यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असतो. तुम्ही २०:३० भरलंत ते यूटीसी म्हणून साठवलं गेलं. नंतर ‘एशिया/कोलकाता’ केल्यावर त्यात साडेपाच तास मिळवले गेले आणि पहाटेचे दोन झाले. सेटिंग बरोबर आहे, पण आधी भरलेल्या वेळा दुरुस्त कराव्या लागतील. म्हणून ही ओळ पहिल्याच दिवशी बदलावी. ‘आजचे प्रयोग’ दाखवताना टाइमझोनमधलं लोकलडेट वापरा. टाइमझोन.नाऊ वरून थेट तारीख काढलीत, तर मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत कालचीच तारीख येईल.

नाटकांची यादी अकारविल्हे लावणार असाल तर आणखी एक. एसक्यूलाइट (नव्या प्रकल्पात आयता मिळणारा डेटाबेस) युनिकोडच्या क्रमानं लावतं आणि त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे येतो, आपल्यासारखा ‘ह’नंतर नाही.

प्रश्न : खारघरच्या आमच्या सोसायटीसाठी मेंटेनन्सची नोंद करणारी साइट लॅपटॉपवर छान चालते. कमिटी सदस्यांच्या मोबाइलवर उघडत नाही आणि डीबग (चुकांचा तपशील दाखवणारी सेटिंग) बंद केलं की सगळी सजावट जाते. (सोसायटीचे खजिनदार)

उत्तर : रनसर्व्हर (जँगोसोबतचा चाचणीचा सर्व्हर) एरवी फक्त त्याच लॅपटॉपला उत्तर देतो. एकाच वाय-फायवरच्या मोबाइलला दाखवायचं तर ‘रनसर्व्हर ०.०.०.०:८०००’ चालवा, लॅपटॉपचा आयपी पत्ता अलाउड होस्ट्समध्ये लिहा आणि विंडोजच्या फायरवॉलला परवानगी द्या. होस्ट लिहिला नसेल तर ४०० क्रमांकाचा एरर येतो. सजावट जाते, कारण डीबग बंद असताना रनसर्व्हर सीएसएस फाइली देत नाही. स्टॅटिक रूट (या फाइली गोळा करायचं फोल्डर) ठरवून कलेक्टस्टॅटिक चालवा आणि त्या फाइली देणारं व्हाइटनॉइझ बसवा. सेटिंग्जमधल्या मिडलवेअरच्या यादीत ते सिक्युरिटी मिडलवेअरच्या लगेच खाली हवं.

रनसर्व्हर चाचणीपुरताच आहे, इंटरनेटवर तो ठेवू नका. होस्टिंग निवडताना डिस्क कायमची आहे का, हे आधी विचारा. काही फुकट सेवांमध्ये नवा कोड चढवला की डिस्क पुसली जाते आणि एसक्यूलाइटची फाइल, म्हणजे तुमच्या सगळ्या पावत्या, त्याबरोबर जातात. तिथे वेगळा पोस्टग्रेस डेटाबेस लागतो. सेटिंग्जमधली सीक्रेट की गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) जाऊ देऊ नका. आणि कुणाची किती थकबाकी आहे हे पान लॉगिनशिवाय उघडता कामा नये. त्या व्ह्यूवर लॉगिन-रिक्वायर्ड लावा, मग लॉगआउट करून तोच पत्ता टाका. लॉगिनचं पान समोर आलं तरच कमिटीला लिंक पाठवा.