बक्षिसाची अट आणि रिकामी शेड

सोलापूरहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी 20 वर्षांची, बीएस्सी सेकंड इयर, बारावीला 78 टक्के होते ते फर्स्ट इयरला 61 वर आले. कारण शॉर्ट फिल्मचं वेड. मोबाईलवर तिनं नऊ मिनिटांची एक फिल्म केलीय, वडिलांच्या शब्दांत "नुसती आमची रिकामी शेड, वर मागाची खडखड, एक डायलॉग नाही, स्टोरी नाही". शेडमधले यंत्रमाग त्यांनी 2019 ला विकले. आता मुलीकडून लिहून घेतलंय की दोन वर्षांत बक्षीस मिळालं नाही तर हे कायमचं बंद आणि मुकाट्यानं बीएड. मला विचारतायत, बक्षीस मिळेल असा एखादा सामाजिक विषय तिला सुचवा, पाणी वाचवा, मोबाईलचं व्यसन असं काहीतरी.

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या सहीच्या कागदापाशी अडकले. मार्कांचं सोडा हो, 61 टक्क्यांनी कुणाचं काही बिघडत नाही. पण घरातल्या घरात, वडिलांनी, लेकीची सही घेतलीय, आणि तुम्ही लिहिता की तिनं "एका शब्दानं विरोध केला नाही", जणू ते चांगलं लक्षण आहे. मला त्याचीच काळजी वाटतेय. जी मुलगी चार महिने रोज दुपारी त्या शेडमध्ये जाऊन बसत होती ती काही न बोलता सही करते, ती पटलं म्हणून नाही करत, इथे बोलून उपयोग नाही हे तिला कळून चुकलेलं असतं म्हणून करते. पुढे तुम्ही एका ओळीत लिहिलंय की हल्ली ती जेवताना गप्प असते, आणि लगेच कोर्सच्या फीवर गेलात. अख्ख्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे, आणि तुम्ही तिच्यावर थांबलाच नाहीत.

दुसरं म्हणजे ही बक्षिसाची अट. हल्ली ऑनलाईन असे ढीगभर फेस्टिव्हल निघालेत की फी भरायची, महिन्याभरात सर्टिफिकेट येतं, पोस्टरवर लावायला ती बक्षिसाची खूण म्हणून असतात ती पानांच्या डहाळ्यांची चित्रं पण येतात, फिल्म कुणी धड बघितलेली पण नसते. तुमच्या मुलीनं उद्या हजार-दोन हजार भरून असं एक आणलं तर तुमची अट पूर्ण होईल आणि तुम्हाला दोघांनाही काहीच कळलेलं नसेल. उलट मुंबईचा मिफ हा डॉक्युमेंटरी आणि शॉर्ट फिल्मचा आंतरराष्ट्रीय महोत्सव असो की केरळचा डॉक्युमेंटरी-शॉर्ट फिल्म महोत्सव, तिथे फिल्म नुसती निवडली गेली तरी मोठी गोष्ट असते, आणि चांगल्या-चांगल्यांच्या फिल्म्स तिथून परत येतात. अशा ठिकाणी 20 वर्षांच्या मुलीला दोन वर्षांची मुदत घालणं हा अन्याय आहे, मी दुसरा शब्द वापरणार नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, विषय कुठला घ्यावा. इथे एक गैरसमज आहे आणि तो फक्त तुमचा नाही, कॉलेजच्या स्पर्धांनीच तो पसरवलाय. विषय म्हणजे संदेश नव्हे. शेवटच्या मिनिटाला नळ बंद करणारा मुलगा दाखवला म्हणजे पाण्यावर फिल्म झाली असं नसतं, ती जाहिरात झाली. प्रायोगिक शॉर्ट फिल्मला विषय नसतो हे तर अजिबातच खरं नाही, विषय असतो पण तो कुणी बोलून दाखवत नाही, उजेड कुठून येतो, शॉट किती वेळ थांबतो, कुठला आवाज ऐकू येतो आणि कुठला येत नाही, ह्यातून तो आपल्यापर्यंत पोचतो. तुम्ही ज्याला "स्टोरी नाही" म्हणालात ते परत एकदा वाचा, तुम्हीच लिहिलंय, शेड रिकामी आहे आणि वर मागाची खडखड आहे. माग नाहीत आणि आवाज आहे! अहो, हीच तर फिल्म आहे. हातातला धंदा गेला आणि घरातल्या माणसाच्या कानातून तो आवाज गेला नाही. तो माणूस कोण, हे मी तुम्हाला सांगायला नको. तिनं विषय निवडलाय, तो तुम्ही आहात, आणि तुम्ही तिला पाणी वाचवावर फिल्म कर म्हणताय. वाईट वाटून घेऊ नका पण हे वाचून मला खूप त्रास झाला.

आणि असल्या फिल्म म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग असं म्हणालात म्हणून सांगते, आपल्याकडे हे काम सरकारी ऑफिसात झालंय. मुंबईला पेडर रोडवर फिल्म्स डिव्हिजन हे माहितीपट काढणारं केंद्र सरकारचं खातं होतं (2022 ला ते एनएफडीसी ह्या सरकारी चित्रपट महामंडळात विलीन केलं), तिथे प्रमोद पतींनी 1968 ला 'एक्सप्लोरर' केली, सातेक मिनिटं, निवेदन नाही, गोष्ट नाही, झपाझप येणारी चित्रं आणि आवाज. सरकारी पैशातून.

मार्ग थोडक्यात. बीएस्सी पूर्ण करू दे, पुण्याच्या एफटीआयआय ह्या सरकारी फिल्म इन्स्टिट्यूटला किंवा कोलकात्याच्या सत्यजित राय फिल्म इन्स्टिट्यूटला तीन वर्षांच्या मोठ्या कोर्ससाठी पदवी लागतेच आणि प्रवेश परीक्षा असते. एफटीआयआयला साऊंडच्या कोर्ससाठी बारावीला फिजिक्स लागतं, ते तिच्याकडे आहे, आणि ह्या एका फिल्मवरून मला वाटतं तिचा कान चांगला आहे, तर डायरेक्शनच्या आधी तिनं साऊंडचा विचार करावा. एफटीआयआयच्या टीव्ही विभागाचे एक वर्षाचे कोर्सही आहेत. म्हैसूरचे चिदानंद नाईक एमबीबीएस झालेले डॉक्टर, ते तिथेच शिकले आणि 2024 ला फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात विद्यार्थ्यांच्या विभागात त्यांच्या शॉर्ट फिल्मला पहिलं बक्षीस मिळालं. हे उदाहरण तिच्यावर लादायला देत नाहीये, आधीचं शिक्षण वाया जात नाही एवढंच सांगायला देतेय.

पैशाचं स्पष्ट सांगते, प्रायोगिक शॉर्ट फिल्मवर आपल्याकडे घर चालत नाही. करणारे लोक एडिटिंग करतात, साऊंड करतात, जाहिराती करतात, शिकवतात, आणि त्यातून वेळ काढून स्वतःची फिल्म करतात. म्हणून हातात एक कसब हवंच, आणि तुमची पोटापाण्याची काळजी मी चुकीची म्हणत नाही. पण त्याला उत्तर साऊंड किंवा एडिटिंग आहे, धमकी देऊन केलेलं बीएड नाही. मनात नसताना शिक्षक झालेली माणसं मी जवळून पाहिलीत, त्यात वर्गातल्या पोरांचंही नुकसान होतं.

तेव्हा तिला मी काही सुचवणार नाही, काम तुम्हाला आहे. 1967 ला एस. एन. एस. शास्त्रींनी फिल्म्स डिव्हिजनसाठी 'आय अ‍ॅम 20' केली होती, 1947 साली जन्मलेल्या पोरांना त्यांनी विचारलं की तुम्हाला काय वाटतं, काय हवंय, आणि पोरं बोलली. यूट्यूबवर आहे. तुमची लेकही वीसचीच आहे, तिच्या शेजारी बसून बघा, मध्ये बोलू नका. तो सहीचा कागद तिच्यासमोर फाडा, तिच्या माघारी नको. मग तिची स्वतःची फिल्म तिला लावायला सांगा, त्याच शेडमध्ये, हेडफोन लावून, पूर्ण नऊ मिनिटं. आणि झाल्यावर एकच विचारा. माग विकले तेव्हा ही शाळेत होती, 13-14 वर्षांची, मग हा खडखडाट तिनं आणला कुठून? दुसऱ्या कुणाच्या कारखान्यात जाऊन रेकॉर्ड केला, की तेव्हाच कधीतरी मोबाईलवर करून इतकी वर्षं जपून ठेवला होता? ती काय म्हणाली ते मला कळवा.