थेट ‘शुल्हान आरूख’ने सुरुवात करू नका

ज्यू धर्मनियम शिकताना थेट ‘शुल्हान आरूख’ (योसेफ कारोची नियमसंहिता) घेऊन बसलात तर निकाल मिळतील, पण वाद कुठून आला ते कळणार नाही. आधी मायमोनिडीस या ज्यू पंडिताचा ‘मिश्ने तोरा’ हा नियमसंग्रह घ्या. बाराव्या शतकात इजिप्तमध्ये लिहिलेले हे 14 खंड. हिब्रू स्वच्छ, मांडणी विषयवार. फक्त कोणता नियम कोणत्या आचार्याकडून आला, हे तो सहसा सांगत नाही. दक्षिण फ्रान्सच्या अब्राहम बेन डेव्हिडने त्याला याच मुद्द्यावर धारेवर धरलं. ते शेरे सोडू नका. मला तर कधीकधी मूळ मजकुरापेक्षा तेच जास्त शिकवतात.

याकोब बेन आशेरचा चार भागांचा ‘तूर’ हा नियमग्रंथ चाळलात तरी चालेल. पुढे योसेफ कारोने त्याचाच आराखडा उचलला. निकाल देताना कारोची रीत अशी: अल्फासी, मायमोनिडीस आणि आशेर बेन येहिएल या तीन जुन्या धर्मपंडितांपैकी दोघं म्हणतील ते साधारणपणे ग्राह्य. तिघांतले दोघे सेफार्दी (स्पेन, उत्तर आफ्रिकेकडच्या ज्यूंच्या) परंपरेतले, तेव्हा पोलंडमध्ये, म्हणजे अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपातल्या) ज्यूंमध्ये, कुरबुर होणारच होती!

सराव म्हणून 1565 साली व्हेनिसमध्ये छापल्या गेलेल्या ‘शुल्हान आरूख’मधल्या ‘ओराह हायिम’ भागाचं 453वं कलम काढा. खमीर वर्ज्य असलेल्या वल्हांडण सणाला भात चालतो, असं कारो सांगतो. नंतरच्या आवृत्त्यांत त्याला लागूनच, वेगळ्या वळणाच्या अक्षरांत क्राकोच्या मोशे इसर्लेसची पुरवणी येते: काहीजण मनाई करतात, आणि अश्केनाझींचा रिवाज तोच. अक्षराचं वळण बदललं की बोलणारा बदलला. दोघांचं बोलणं एकाच्याच नावावर खपवणारे बरेच भेटतील.