सार्वजनिक ग्रंथालयात मोफत इंटरनेट दिल्याने लोकांना खरंच फायदा होतो का?

होतो, आणि सर्वात जास्त ज्यांच्याकडे फक्त मोबाइल आहे त्यांना. नोकरीचा लांबलचक अर्ज छोट्या स्क्रीनवर भरताना फोटोची साइज जमत नाही, ओटीपी येईपर्यंत सेशन संपतं आणि भरलेलं सगळं पुसलं जातं. ग्रंथालयात मोठी स्क्रीन, स्कॅनर, प्रिंटर मिळू शकतो. मुख्य म्हणजे अडलं तर विचारायला माणूस असतो. माझ्या मते खरी किंमत त्या माणसाचीच. नुसतं वायफाय दिलं तर जे आधीच सराईत आहेत तेच त्याचा फायदा घेतात. इफ्ला (ग्रंथालयांची आंतरराष्ट्रीय संघटना) आणि युनेस्को यांच्या २०२२ च्या सार्वजनिक ग्रंथालय जाहीरनाम्यातही सर्व वयोगटांना डिजिटल साक्षरता देणं हे ग्रंथालयाचं काम मानलं आहे. तिथल्या संगणकावर काम झालं की लॉगआउट करा, डाउनलोड केलेली कागदपत्रंही डिलीट करा.