घोळणा फुटतो, गाठ दिसते. मग तुकडा का काढत नाहीत?

प्रश्न : माझ्या १५ वर्षांच्या मुलाचा घोळणा सहा महिने वारंवार फुटतो आहे आणि उजवी नाकपुडी चोंदलेली असते. नाकामागे, घशाच्या वरच्या भागात अँजिओफायब्रोमाची गाठ असावी, असे डॉक्टर म्हणतात. तुकडा न तपासताच ते शस्त्रक्रिया ठरवत आहेत. हे योग्य आहे का?

उत्तर : योग्य आहे. ही गाठ कर्करोगाची नसते, पण रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेली असते. त्या वाहिन्यांच्या भिंतीत स्नायूंचा थर नसतो किंवा अपुरा असतो. त्यामुळे कापल्यावर त्या आकसत नाहीत आणि बाह्यरुग्ण विभागात काढलेला छोटासा तुकडाही जिवावर बेतू शकतो. ती जवळजवळ फक्त किशोरवयीन मुलग्यांतच होते. त्यामुळे वय, लक्षणे आणि स्कॅन यांवरून निदान पक्के होते. (मुलगी असती, तर आम्हीही आधी निदानावरच शंका घेतली असती.)

कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिले जाणारे, स्कॅनमध्ये उठून दिसणारे औषध) देऊन केलेल्या सीटीमध्ये गाठ ठळक उजळते आणि गालामागच्या पोकळीची मागची भिंत पुढे ढकललेली दिसते. ती डोळ्याकडे किंवा कवटीत किती शिरली, हे एमआरआय सांगतो.

शस्त्रक्रियेच्या साधारण २४ ते ७२ तास आधी रक्तवाहिनीतून बारीक नळी घालून, गाठीला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या सूक्ष्म कणांनी बंद करतात. फार उशीर केला तर गाठ नव्या वाटांनी रक्त मिळवते. मेंदूकडे जाणाऱ्या धमनीच्या फांद्यांतून पुरवठा असेल, तर तिथे कण सोडत नाहीत. पक्षाघात किंवा अंधत्वाचा धोका असतो. दोन्ही बाजूंची अँजिओग्राफी (रक्तवाहिन्यांचे चित्रण) झाली का, हे जरूर विचारा.

बहुतेक गाठी नाकातून दुर्बिणीने निघतात. ‘पुन्हा झाली’ म्हणतात ती बऱ्याचदा मागे राहिलेलीच असते, विशेषतः कवटीच्या तळाच्या हाडात. म्हणून ते हाड घासून साफ करावे लागते आणि नंतरही एमआरआय करत राहावे लागते.

तोवर घोळणा फुटला तर मुलाला पुढे वाकवून बसवा आणि नाकाचा मऊ भाग न सोडता १० ते १५ मिनिटे दाबा. तरीही थांबले नाही तर थेट रुग्णालय गाठा. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन देऊ नका.

प्रश्न : वय ५०. एकाच कानात दडा, मानेत न दुखणारी गाठ. माझाही तुकडा काढू नये का?

उत्तर : तुमच्या बाबतीत नेमके उलटे. या वयात नाकामागच्या कर्करोगाची शंका आधी घ्यायची. दडा बसला म्हणून फक्त कानातले पाणी काढून थांबू नका. दुर्बिणीने पाहून संशयित जागेचा तुकडा तपासायलाच हवा.