किल्टच्या स्पॉरनला कोणती साखळी लावावी?

तुम्ही लिहिलंय की नोव्हेंबरात ग्लासगोला मित्राचं लग्न आहे, किल्ट (स्कॉटिश पुरुषांचा लोकरी, निऱ्यांचा घागऱ्यासारखा पोशाख) तिथेच भाड्याने घेणार आहात, पण स्पॉरन, म्हणजे किल्टच्या पुढे कमरेच्या साखळीला लटकणारा बटवा, हौसेने स्वतःचा घेतलाय: काळं चामडं, पुढे फर, तीन गोंडे. साखळी मात्र त्यासोबत आली नाही. आता जाड, नक्षीची, चमकदार घ्यावी की साधी?

साधी घ्या. मी ग्लासगोतच राहतो आणि आजवर चार लग्नांत किल्ट घातलाय. पहिल्या लग्नात तुमच्यासारखाच मीही साखळीच्या चमकेवर भाळलो होतो.

माझी साखळी कमरेभोवती पूर्ण धातूची होती. चामडं कुठेच नाही, सगळ्या कड्याच कड्या. दिसायला झकास. पण किल्टच्या निऱ्या मागे असतात हे लक्षात घ्या. पारंपरिक किल्ट आठ वारांचा असतो, म्हणजे आपल्या नऊवारीला एकच वार कमी, आणि त्यातलं बहुतेक कापड पाठीमागच्या निऱ्यांत जातं. चर्चमध्ये लाकडी बाकावर टेकून बसलो, मग जेवायला खुर्चीत तीन तास. घरी येऊन किल्ट उलटा धरला तर कमरेखाली आडवी रेघ उमटलेली, लोकरीचे तंतू पिंजल्यासारखे वर आलेले, एका निरीच्या कडेला तर सूतच तुटलेलं. दुकानदाराने त्यावर फक्त बोट फिरवलं आणि डिपॉझिटमधले पैसे कापले. मी भांडलो नाही, कारण त्याचं बरोबर होतं.

म्हणून नियम एकच: मागे चामड्याचा पट्टा, पुढे दोन्ही बाजूंना साखळीचे दोन तुकडे. पट्टा किल्टच्या मागच्या कापडी लूपांमधून जातो, बकल पाठीशी बसतं, आणि साखळीची टोकं स्पॉरनच्या मागे असलेल्या कड्यांत अडकतात. बाजारात मिळणारे बहुतेक पट्टे असेच असतात. नक्षीची हौस असेल तर ती त्या पुढच्या तुकड्यांत भागवा. जॅकेट घालून आरशासमोर उभे राहिलात की कळेल, साखळी दिसते ती स्पॉरनच्या डाव्या-उजव्या बाजूला वीत-वीतभर. बाकी सगळी जॅकेटखाली. तेवढ्या वीतभरासाठी जाडजूड साखळी घेतलीत तर स्पॉरनचे गोंडे बिचारे झाकोळून जातात.

रंगाचं काय? तुमच्या स्पॉरनच्या गोंड्यांना वर धातूच्या टोप्या असतील, त्या उजेडात धरून बघा. आरशासारख्या चकचकीत असतील तर क्रोमची साखळी. काळपट, आपल्या ऑक्सिडाइज्ड दागिन्यांसारख्या असतील तर साखळीही त्याच छटेची, दुकानात तिला ‘अँटिक’ म्हणतील. प्रिन्स चार्ली जॅकेटची (किल्टवर समारंभात घालायचं आखूड जॅकेट) बटणं बहुधा चंदेरी असतात, किल्ट पिनही, म्हणजे किल्टच्या पुढच्या पदराला लावायची पिन, चंदेरी घेतलीत की सगळं जुळलं. पितळी साखळी मात्र नको. आपल्या लग्नात सोनं-मोती-चांदी एकाच गळ्यात खपून जातं, पण या पोशाखात एक पिवळी साखळी लगेच उसनी आणल्यासारखी दिसते. मागचा पट्टा काळा, कारण स्पॉरन काळा आणि बूटही काळेच असतील.

कड्यांचे दोन प्रकार हमखास दिसतील. गोल कड्यांची साखळी जास्त लकाकते. चपट्या, पिळून बसवलेल्या कड्यांची साखळी अंगासरशी बसते आणि उलटीपालटी होत नाही. मी चपटी वापरतो.

पण कड्यांपेक्षा जास्त वेळ टोकाच्या क्लिपा बघण्यात घालवा. लग्नाच्या रात्री केइली असणार, म्हणजे सगळ्यांनी मिळून नाचायचे स्कॉटिश नाच. त्यात ‘स्ट्रिप द विलो’ नावाचा प्रकार आहे, दोन ओळींतून हाताला हात धरून नुसतं गरगरायचं. त्यात एकाचा स्पॉरन सुटून पार बँडच्या पायाशी गेलेला मी पाहिलाय, आणि तो आणायला रांगत जाणारा नवरदेवाचा काकाही पाहिलाय. क्लिपची स्प्रिंग अंगठ्याने दहा वेळा दाबून बघा. ढिली वाटली तर साखळी कितीही सुंदर असो, परत ठेवा. नाच सुरू होण्याआधी बरेच जण स्पॉरन सरकवून कुशीवर घेतात, तुम्हीही घ्या. नाहीतर प्रत्येक उडीला तो पुढून नको तिथे आदळतो. तसंच, घेण्याआधी स्पॉरन उलटा करून मागे खरंच धातूच्या कड्या आहेत ना ते बघा. काहींना फक्त चामड्याच्या फटी असतात, त्यांत जाड क्लिप शिरत नाही.

मापाचा घोळ सगळ्यांचा होतो. किल्ट बेंबीच्या उंचीवर बसतो, त्यामुळे जीन्सचा नंबर विसरा. किल्टसाठी दुकान जे माप घेईल तेच पट्ट्यासाठी सांगा. भोकांमुळे थोडं मागेपुढे करता येतं, आणि साखळी फारच लांब झाली तर पकडीने दोन कड्या काढता येतात. स्पॉरनची वरची कड वेस्टकोटच्या खालून चार बोटं खाली हवी. त्याहून वर घेतलात तर पोटावर बटवा बांधल्यासारखं दिसतं (‘स्पॉरन’ या गेलिक शब्दाचा अर्थ बटवाच आहे, किल्टला खिसे नसतात ना). फार खाली गेला तर चालताना मांड्यांवर थपथप वाजतो. आणि वेस्टकोट असेल तर वरून रुंद कातडी बेल्ट लावू नका, दोन्ही एकत्र घालत नाहीत.

पावसात भिजणारच आहात, नोव्हेंबरचं ग्लासगो आहे ते. रात्री हॉटेलवर आल्यावर साखळी कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर स्वस्त मुलाम्यावर डाग पडतात.

पण पैसे खर्च करण्याआधी किल्ट देणाऱ्या दुकानाला एक ईमेल टाका. भाड्याच्या सेटमध्ये स्पॉरन आणि त्याचा साखळीचा पट्टा बहुतेक वेळा असतोच. स्पॉरन तुमचा, पट्टा त्यांचा, असं जमतं का विचारा. जमलं तर स्वतःचा स्पॉरन सोबत घेऊन दुकानात जा आणि क्लिप तिथेच लावून बघा.